चोवीस कोर की सोळा? रेंडर आणि गेम एकाच मशीनवर

प्रश्न : नमस्कार दादा, मी इंटिरियर डिझायनर, गंगापूर रोडला घरूनच काम करते. थ्रीडीएस मॅक्समध्ये मॉडेल आणि व्ही-रेमध्ये रेंडर म्हणजे त्याची चित्रं, रेंडर सगळे सीपीयूवर म्हणजे प्रोसेसरवर, रात्री बारा-पंधरा व्ह्यू लावून झोपते आणि सकाळी उठून बघते तर निम्मेच झालेले. मुलगा त्याच मशीनवर गेम खेळतो. दुकानदार म्हणतो इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के प्रोसेसर घ्या, चोवीस कोर म्हणजे काम करणारे चोवीस भाग आहेत, मुलगा म्हणतो एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्सथ्रीडी, त्याला सोळाच. चोवीस सोडून सोळा कशाला घ्यायचे?

उत्तर : ताई, नुसत्या चोवीस आकड्यावर जाऊ नका. इंटेलच्या त्या चोवीसमध्ये मोठे म्हणजे वेगवान कोर ८ आणि छोटे १६, आणि या पिढीत हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोरकडून दोन कामं करून घेणं, काढून टाकलंय म्हणून थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामं, तीही २४च, एएमडीचे सोळाही एकसारखे मोठे आणि प्रत्येकाचे दोन थ्रेड म्हणजे ३२. व्ही-रे बकेट मोडवर असताना रेंडर विंडोत ते छोटे चौकोन फिरताना दिसतात ना, ते मोजून बघा, जेवढे थ्रेड तेवढे चौकोन. तरी शेवटी रेंडरचा वेळ दोघांचा जवळपास सारखाच येतो, एएमडी थोडा पुढे, त्यामुळे फक्त तुमचं काम धरलं तर दुकानदार काही चुकीचं सांगत नाहीये.

फरक पडतो तो मुलाच्या गेममध्ये, आणि तिथे मुलगा शंभर टक्के बरोबर आहे. ९९५०एक्सथ्रीडीला एलथ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १२८ एमबी, २८५केला ३६. गेमला सारखा थोडा थोडा डेटा लागतो, मिसळणाचा डबा ओट्यावर असेल तर फोडणी जळत नाही, दर वेळी माळ्यावरून बरणी काढायची म्हटलं तर जळणारच, कॅशेचं तसंच आहे बघा. २८५के ऑक्टोबर २०२४ला आला तेव्हा तर कित्येक गेममध्ये इंटेलचाच जुना १४९००के त्याच्या पुढे होता. मात्र मॉनिटर फोरके असेल तर सगळा भार ग्राफिक्स कार्डवर जातो आणि हा फरक फारसा जाणवत नाही, हे मुलाला आधी विचारा.

माझं मत ९९५०एक्सथ्रीडी. पण त्यातल्या दोन चिपपैकी जास्तीची कॅशे एकाच चिपवर आहे, गेम त्याच आठ कोरवर चालायला हवा, म्हणून एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार अपडेट ठेवायचाच, नाहीतर त्या कॅशेचे पैसे वाया. आणि गेमचा विषयच नसता तर मी साधा ९९५०एक्स घ्या म्हणालो असतो, कारण रेंडरला त्या कॅशेचा फारसा उपयोग नाही.

रॅम घेताना कृपा करून दोनच स्टिक घ्या, ४८ जीबीच्या दोन म्हणजे ९६. मी हौसेने चार लावल्या आणि पस्तावलो, दोन स्टिकला एएमडी ५६०० स्पीड देते, चार भरल्या की अधिकृत स्पीड ३६००वर येतो. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, घाबरून बटण दाबू नका, रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे मशीनचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. आणि कूलर ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विडच, आपल्याकडे मे महिन्यात खोलीच इतकी तापते की रात्रभर रेंडर म्हटलं तर छोटा कूलर पुरत नाही.

प्रश्न : सिडकोत एकजण सेकंडहँड १४९००के स्वस्तात देतोय, घेऊ का?

उत्तर : बिल आणि बॉक्स नसेल तर नका घेऊ. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या या चिपना जास्त व्होल्टेज जाऊन त्या कायमच्या खराब व्हायच्या, ऑगस्ट २०२४मध्ये इंटेलने मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून ०एक्स१२९ मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला पण आधीच बिघडलेली चिप त्याने सुधारत नाही, आणि समोरच्याने ती अपडेटशिवाय किती महिने वापरली ते तुम्हाला कळणार कसं? बॉक्सवाल्या चिपची वॉरंटी इंटेलने २ वर्षं वाढवून ५ केलीये, म्हणून बिल हातात असेल तरच पुढचं बोला.