सही कोणाची चालते?

प्रश्न : यंदा एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळाली. परदेशात विमान-देखभालीत करिअर करायचं आहे. सगळे म्हणतात, आधी तिकडे एमएस कर, पुढचं आपोआप होईल. खरंच होतं का?

उत्तर : हँगरमध्ये आपोआप काहीच होत नाही. डिझाइन, स्ट्रेस अॅनालिसिस किंवा संशोधनात जायचं असेल तर एमएस जरूर करा. तुम्ही मात्र देखभाल म्हणताय, आणि दुरुस्तीनंतर विमान सेवेत सोडण्याची सही लायसन्सवाल्याचीच चालते. तिथे पदवी कोणी विचारत नाही.

युरोपात हे लायसन्स म्हणजे इआसाचं (युरोपीय विमान-सुरक्षा संस्थेचं) पार्ट-66. इंजिन, सांगाडा, यांत्रिक आणि विद्युत यंत्रणा आवडत असतील तर बी-1, एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आवडत असेल तर बी-2. मॉड्यूलच्या, म्हणजे विषयवार, परीक्षांना 75 टक्के लागतात म्हणून मुलं धास्तावतात, पण खरी कसोटी अनुभवाची. टर्बाइन विमानांच्या बी-1 साठी पार्ट-147 (प्रशिक्षण संस्थांसाठीचे नियम) मान्यतेच्या संस्थेतला पूर्ण बेसिक कोर्स केला असेल तर 2 वर्षं. कसलंच संबंधित प्रशिक्षण नसेल तर 5 वर्षं, आणि तीही प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानांवर. कॉलेजच्या आवारात ठेवलेलं जुनं धूड यात धरत नाहीत. पदवीतल्या काही विषयांना परीक्षेत सूट मिळू शकते. ती मागून घ्यावी लागते.

तेव्हा पहिल्या दिवसापासून लॉगबुक नीट भरा. माझ्याकडे तपासायला येतात त्यांतल्या कित्येकांत नुसतं ‘लँडिंग गिअरच्या कामात मदत केली’ एवढंच असतं. याचं मी काय करू? तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, एटीए चॅप्टर 32 (विमानाच्या यंत्रणांच्या ठरलेल्या क्रमांकांतला लँडिंग गिअरचा), मॅन्युअलमधला टास्क क्रमांक, ‘मुख्य चाक बदललं, ब्रेकची वेअर पिन तपासली’, आणि शेजारी देखरेख करणाऱ्याची सही, अशी ओळ हवी. सही त्याच आठवड्यात घ्या. माणसं नोकऱ्या बदलतात, मग सहीसाठी शोधत बसावं लागतं.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान-नियामक संस्थेचं, एअरफ्रेम (सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) अशा दोन रेटिंगचं सर्टिफिकेट लागतं. अनुभवाच्या वाटेने दोन्ही रेटिंगना मिळून 30 महिने, शिवाय लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. संरक्षण कंपन्यांच्या जाहिरातीत ‘यूएस पर्सन’ दिसलं तर अर्ज करण्यात वेळ घालवू नका. आयटार नावाच्या निर्यात-नियमांमुळे तिथे नागरिक, ग्रीन कार्डधारक अशांनाच घेतात. तुमची हुशारी त्यात मोजलीच जात नाही.

ब्रिटन आणि युरोप एकच समजून अर्ज करणारेही बरेच भेटतात. 2021 पासून दोघांची लायसन्स वेगळी झाली. कुठल्या देशात राहायचंय ते आधी पक्कं करा, मगच परीक्षेची फी भरा.