टपाखालचा रेडिओ

वाचक विचारतात : गाडी, वायर आणि रेडिओ

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची बोलेरो आहे. यंदा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना हातात पडला आणि ५० वॅटचा व्हीएचएफ सेट (बोलण्या-ऐकण्याचा बिनतारी संच) घेतला. डॅशबोर्डवर त्याला जागा नाही, गिअरच्या पुढे ठेवला तर गुडघा लागतो. म्हणून समोरच्या काचेच्या वर, दोन सनव्हायजरच्या मधोमध, छताला खोका करून त्यात सेट बसवावा असं मनात आहे. सुतार ठरवलाय, १२ मिलिमीटरचा प्लायही आणलाय. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, विटा

उत्तर : आधी सुताराला थांबवा. दुकानदार प्लाय परत घेत असेल तर देऊन टाका, नसेल तर त्याचं चपलांचं कपाट करा.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझा पहिला खोका १२ मिलिमीटर प्लायचाच होता. त्यात अख्खा सेट, वर स्पीकर, बाजूला वोल्ट दाखवणारा मीटर. सगळं मिळून साडेतीन किलो. छताच्या पत्र्यात चार पत्रास्क्रू पिळले आणि उद्यमनगरातल्या चार मित्रांना बोलावून चहा पाजला. पुढच्या रविवारी गगनबावड्याला निघालो. कळे गाव मागे पडलं आणि एका खड्ड्यात पुढचे दोन स्क्रू उपटले. खोका झोपाळ्यासारखा खाली आला आणि शेजारी बसलेल्या आमच्या सौ.च्या मांडीवरच्या डब्यावर टेकला. ती एवढंच म्हणाली, “नाक वाचलं, भाकरी वाचली. आता गाडी घराकडे वळवा.”

चूक स्क्रूंची नव्हती, माझी होती. गाडीच्या छताचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्यात स्क्रूचा एखादा आटा धरला तर धरला. खड्ड्यात साडेतीन किलोचा झटका बसला की भोक मोठं होतं आणि स्क्रू हातात येतो. लांब स्क्रू घेतला तर तो आतून टपाला फोड आणतो. पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. तुमचा सेट बोलताना साधारण ११ अँपिअर ओढेल. पावणेचौदा वोल्ट गुणिले ११ म्हणजे दीडशे वॅट आत गेले आणि त्यातले ५० अँटेनाकडे गेले. उरलेले शंभर वॅट सेटच्या मागच्या अॅल्युमिनियमच्या पाकळ्यांवर तापतात. जुन्या पिवळ्या शंभराच्या बल्बला हात लावलेला असेल तर कल्पना येईल. बल्ब उघड्यावर असायचा, तुमचा सेट बंद लाकडी पेटीत असेल, आणि पेटीच्या वर मे महिन्याच्या उन्हात तापलेला टप. दोन्हीकडून भाजणार.

म्हणून सेटचे दोन भाग करा. पुढचा चेहरा, म्हणजे पडदा आणि बटणं, वेगळा काढता येतो का ते आधी पाहा. गाडीसाठीच्या बऱ्याच सेटना ही सोय असते, फक्त जोडणीची वायर बहुधा वेगळी विकत घ्यावी लागते. धूड शेजारच्या सीटखाली, मागे चार बोटं हवा खेळेल असं. छताला फक्त चेहरा आणि एक छोटा स्पीकर. माझा आताचा खोका या दोहोंसकट नऊशे ग्रॅम भरतो. तुमच्या सेटचा चेहरा निघत नसेल तर छताचा नाद सोडा आणि सेट दोन सीटच्या मध्ये आडवा बसवा. ते वाईट दिसेल, पण चालेल.

आता लटकवायचं कशाला? सनव्हायजर, केबिनचा दिवा आणि हात धरायच्या मुठी कारखान्यातूनच जिथे बसवलेल्या असतात, तिथे आत पक्की पट्टी किंवा नट असतो. सनव्हायजरचे स्क्रू काढा, त्याच भोकांवर दोन मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची आडवी पट्टी टाका आणि थोडे लांब स्क्रू घेऊन सनव्हायजर परत त्यावरच बसवा. तिसरा टेकू केबिनच्या दिव्याच्या जागी. टपाला एकही नवं भोक पडत नाही, आणि गाडी विकायची झाली की सगळं उतरवून ठेवता येतं.

लाकूडकामाआधी पुठ्ठ्याचं काम करा. ही पायरी लोक टाळतात आणि मग सुतारावर चिडतात. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, छताच्या गोलाईला लावून पेन्सिलीने रेघ मारा, कापा, पुन्हा लावा. माझ्या चौथ्या पुठ्ठ्याला आकार जमला. मग तो खोका चिकटपट्टीने छताला डकवून आठ दिवस तसाच फिरलो. पहिल्याच दिवशी कळलं की आरशात मागची काच अर्धीच दिसते, कारण खोका आरशाच्या दांड्यावर उतरत होता. तिसऱ्या दिवशी आमचा उंच मेहुणा चालवायला बसला आणि गतिरोधकावर त्याचं कपाळ लागलं. पुठ्ठ्याला लागलं म्हणून हसलो. घरातला सगळ्यात उंच माणूस बसवायचा आणि त्याचं डोकं व खोका यांत उभी मूठ मावते का ते बघायचं. शेवटी माझा खोका ४२ सेंटिमीटर रुंद, १९ सेंटिमीटर लांब झाला, आणि सगळ्यात खोल जागी साडेसहा सेंटिमीटर.

पक्क्या खोक्यासाठी मी चार मिलिमीटरचा प्लाय वापरला. वाकवायच्या बाजूला आतून करवतीने उथळ खाचा पाडल्या की तो गोलाई घेतो. कडा पॉलिशपेपरने घासून बोटाएवढ्या गोल करा. गाडी कशाला तरी धडकली तर पट्टा लावलेला असूनही डोकं वर-पुढे जातं आणि तिथे तुमचा कोपरा वाट पाहत असतो. वर सहा मिलिमीटरचा फोम, त्यावर रेक्झिन. रेक्झिन स्वतः चिकटवायला जाऊ नका. मी गेलो, आणि खोका चुरगळलेल्या पापडासारखा दिसू लागला. सीटकव्हरवाल्याने तेच काम तासाभरात केलं, वर छताच्या अस्तराशी जुळणारा राखाडी रंगही शोधून दिला.

चेहरा खाली, तुमच्या डोळ्यांकडे कलता हवा. नाहीतर रात्री पडद्याचा उजेड समोरच्या काचेत पडतो आणि रस्त्यावर एक हिरवा चौकोन तरंगत राहतो. उजेड कमी करायची सोय सेटमध्ये असते, ती शोधून ठेवा. परदेशी फोटो बघून बेत करत असाल तर लक्षात घ्या, त्यातल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. आपला डावा हात गिअरचा आणि तोच माइकचा. त्यामुळे माइक वर टांगू नका. त्याची पीळदार वायर डोळ्यांसमोर झुलते आणि प्रत्येक वळणावर आरशाला आपटते. माइक गिअरच्या बाजूला हूकवर ठेवा. सेटचं धूड सीटखाली असल्याने तिथवर वायरही छोटी लागते. काही सेटना मात्र माइक चेहऱ्यालाच लागतो, तिथे माइकची वायर वाढवावी लागेल.

स्पीकरबद्दल मात्र मी छताच्याच बाजूने आहे. बोलेरोचं डिझेल इंजिन, उघडी काच आणि चढावरचा दुसरा गिअर, एवढ्या गोंगाटात सीटखालचा स्पीकर कुणाला ऐकू येतो? कपाळापासून वीतभर अंतरावर खाली तोंड केलेला तीन इंची स्पीकर कमी आवाजातही शब्द न् शब्द देतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, पुणे-बंगळुरू वाहतूक बंद पडली, तेव्हा मी पावसात काचा बंद करून गाडीतून निरोप पुढे देत होतो. टपावर पाऊस ताशा वाजवत होता, तरी मला समोरच्याला एकदाही ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागलं नाही.

चेहऱ्याची आणि स्पीकरची वायर समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून वर न्या. तुमच्या गाडीत हे सरळ आहे. पण हे वाचून ज्यांच्या नव्या गाडीला बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे त्यांनी हात आवरावा. ती एअरबॅग छताच्या कडेने घडी घालून ठेवलेली असते आणि खांबाच्या आवरणाआडून उघडते. तिच्यापुढून वायर गेली तर उघडताना ती अडकू शकते. अशा गाडीत हे काम कंपनीचा नकाशा समोर असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वायरीत बहुतेक जण पैसे वाचवतात आणि मग सेटला नावं ठेवतात. बॅटरी ते सीट चार मीटर धरा, जाऊन-येऊन आठ. दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकलीत तर ११ अँपिअरला वाटेतच एक वोल्ट खर्च होतो. चार चौरस मिलिमीटरची टाकलीत तर ०.४ वोल्टच्या आत राहतो. इंजिन बंद असताना मुळात साडेबाराच वोल्ट असतात, त्यातला एक गेला की काही सेट बटण दाबताच मिटतात. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, २० अँपिअरचा. फ्यूज सेटजवळ लावला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते. आणि ती जिथे पत्र्यातून आत येते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, घाला. पत्र्याची धार वर्षभरात वायरीचं साल काढते.

प्रश्न : वरच्यासारखीच सोय मी केली आहे, पण सेट सिगारेट लायटरच्या सॉकेटवर जोडला आहे. एक्सलेटर दाबला की समोरच्याला माझ्या आवाजामागे बारीक शिट्टी ऐकू येते. गाडी थांबवून इंजिन बंद केलं की शिट्टी जाते. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ती शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राची, आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढते-उतरते, म्हणजे शंका नको. सॉकेटची वायर बारीक असते आणि तिच्यावर गाडीतली इतर चार उपकरणंही असतात. प्लस थेट बॅटरीवरून घ्या. मायनसचं मात्र तुमची गाडी बघून ठरवा. बॅटरीच्या मायनसला छोटी सेन्सरची डबी लावलेली असेल तर तिथे जोडू नका, जवळच्या बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्यावरच्या मायनसच्या जोडाला, जोडा. नाहीतर सेटने ओढलेला करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा बॅटरीबद्दलचा हिशोब चुकतो. आणि एक सोपी परीक्षा : मोबाइलचा स्वस्तातला चार्जर काढून बघा. आमच्या ग्रुपमध्ये एकाने शिट्टीपायी दोन फिल्टर विकत घेतले. दोष शंभर रुपयांच्या चार्जरचा निघाला.

प्रश्न : माझा भाचा छतावरचा खोका थ्रीडी प्रिंटरवर छापून देतो म्हणतो. चालेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भाच्याला विचारा, प्लास्टिक कोणतं, पीएलए वापरणार की एबीएस? पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात नागपुरात काचा बंद करून दुपारभर उभ्या गाडीत छताखाली तेवढं होतंच. संध्याकाळी दार उघडाल तेव्हा खोका पोळीसारखा खाली लोंबत असेल. एबीएस शंभरीपर्यंत तग धरतो. तरी चेहरा धरणारी पट्टी धातूचीच घ्या.

प्रश्न : परवान्याशिवाय जीपमधून बोलायचं काही साधन आहे का? आम्ही चार मित्र दर पावसाळ्यात चार गाड्या घेऊन घाटात जातो. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आहे. सिटिझन बँड, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, पाच वॅटपर्यंत. त्याला आपल्याकडे परवान्याची सूट आहे. चार गाड्यांच्या रांगेला तो पुरतो. त्रास अँटेनाचा. या बँडची, लहरीच्या पाव लांबीची अँटेना पावणेतीन मीटर होते, म्हणून बाजारात गुंडाळी घातलेली आखूड अँटेना मिळते आणि ती टपाच्या मधोमध बसवली तरच बरी चालते. हॅमच्या १४५ मेगाहर्ट्झला हीच लांबी ४९ सेंटिमीटर, त्यामुळे ती झाडाच्या फांदीखालून सुखाने जाते. तो बँड हवा असेल तर केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या दोन श्रेणींपैकी रिस्ट्रिक्टेडला मोर्स (लांब-आखूड ठोक्यांची लिपी) लागत नाही. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचं मोर्स यावं लागतं. चौघे एकदम अभ्यासाला बसा. मी एकट्याने केला आणि ‘डा-डिट’ पुटपुटत फिरायचो, तेव्हा शेजारच्या काकूंनी सौ.ला विचारलं होतं की यांना बरं नाही का.