तत्त्वज्ञान शिकायचं तर आधी लॉजिक, मग एथिक्स आणि पौर्वात्य विचार शेवटी, हा क्रम बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की तत्त्वज्ञानातलं काहीच येत नाही, म्हणून आधी लॉजिक, मग एथिक्स आणि ते पचलं की सगळ्यात शेवटी भारतीय आणि चिनी विचार, असं ठरवलंय, कारण ते जरा अध्यात्माकडे झुकणारं आहे असं वाटतं. माझं सरळ मत सांगतो, लॉजिक आधी घ्या हे शंभर टक्के बरोबर, पण पुढे पूर्व आणि पश्चिम असे दोन कप्पे करूच नका. एक प्रश्न पकडा आणि त्यावर जो कोणी नीट वाद घालून गेलाय त्याचं ऐका, मग तो अथेन्सचा असो नाहीतर मिथिलेचा.

लॉजिकमध्ये सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा, ती म्हणजे युक्तिवाद वैध असणं आणि त्यातली विधानं खरी असणं यातला फरक. सगळे पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतो. हा युक्तिवाद पूर्ण वैध आहे, पहिली दोन विधानं खरी असती तर तिसरं खरं असायलाच हवं होतं, फक्त पहिलं विधान खोटं आहे. लोक वाद घालताना नेमकं इथेच घसरतात, निष्कर्ष आवडला नाही की "हे लॉजिकल नाही" म्हणतात, पण चूक मांडणीत आहे की आधारविधानात, म्हणजे ज्यावर निष्कर्ष उभा आहे त्या विधानात, हे बघतच नाहीत. ही सवय लागली ना, की पुढचं सगळं वाचणं बदलतं.

आता इथूनच तुमचा क्रम कसा मोडतो बघा. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात युक्तिवादाचे साचे मांडले हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानांवर मिळेल. पण न्यायदर्शनातही, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या भारतीय परंपरेतही, अनुमानाची पाच पायऱ्यांची मांडणी आहे, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नैयायिकांचं, म्हणजे ही परंपरा मानणाऱ्यांचं, ठरलेलं उदाहरण म्हणजे, डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, या डोंगरावर तसाच धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे. यात स्वयंपाकघर कशाला आणलं? कारण नैयायिकांना नुसता साचा पुरत नाही, समोरच्याला पटवायचं असेल तर त्यानेही पाहिलेली, मान्य केलेली एक तरी जागा दाखवावी लागते. यात अध्यात्म कुठे आहे सांगा!

आणि खरी मजा पुढे आहे. चार्वाक, म्हणजे प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणारा भारतीय विचारवंत, विचारतो, "जिथे धूर तिथे आग" हे तुम्हाला कळलं कसं? जगातला सगळा धूर पाहिलात का, मागचा आणि पुढचाही? आणि अनुमानाने कळलं म्हणाल तर त्या अनुमानाला आणखी एक असाच नियम लागेल, त्याला आणखी एक, आणि हे कुठे थांबणारच नाही. अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने स्वतःच्या वाटेने जाऊन साधारण हाच पेच युरोपसमोर ठेवला, की आजवर असं घडलं म्हणून पुढेही घडेल हे सिद्ध करायला पुन्हा त्याच गृहीतकाचा आधार घ्यावा लागतो. याला इंडक्शनचा प्रॉब्लेम म्हणतात आणि तो आजही पूर्ण सुटलाय असं म्हणता येत नाही.

त्याच धुराला आठव्या शतकात धर्मोत्तर नावाच्या बौद्ध तर्कपंडिताने आणखी एक वळण दिलं, मला वैयक्तिक हे सगळ्यात आवडतं. समजा कोणीतरी मांस भाजायला नुकती आग पेटवलीय, अजून धूर निघालेला नाही, पण मांसावर किड्यांचा थवा घोंघावतोय. लांबून बघणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग खरंच आहे. त्याचा विश्वास खरा आहे, त्याच्याकडे कारणही आहे, मग याला ज्ञान म्हणायचं का? १९६३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने जेमतेम तीन पानांचा लेख लिहून हाच मुद्दा मांडला की सकारण खरा विश्वास म्हणजे ज्ञान ही व्याख्या टिकत नाही, आणि त्या तीन पानांवर आजपर्यंत लोक लिहितायत. तुमच्या क्रमाने गेलात तर गेटियर पहिल्या वर्षी भेटेल आणि धर्मोत्तर बहुतेक कधीच नाही.

एथिक्सचं पण तसंच. पाठ्यपुस्तकात तीन गट येतात, परिणाम बघणारे बेंथम आणि मिल, कर्तव्य बघणारा कांट, माणसाचा स्वभाव घडवण्यावर भर देणारा ॲरिस्टॉटल, हे एका दिवसात समजून जातं, त्यात अडकू नका. त्यापेक्षा एक प्रसंग घ्या. मारेकरी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? कांट १७९७ च्या निबंधात म्हणतो की इथेही खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे, तुम्ही "नाही" म्हणालात आणि मित्र खरंच मागून निसटलेला असेल, मारेकरी परत फिरला आणि वाटेत तो सापडला, तर त्या मरणाची जबाबदारी तुमच्या खोटेपणावर येते.

आता महाभारतातलं कर्णपर्व उघडा. अर्जुन स्वतःची प्रतिज्ञा पाळायची म्हणून युधिष्ठिरावर तलवार उपसतो, तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं, कायम खरंच बोलायचं. दरोडेखोरांना घाबरून लोक रानात लपले, दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं, त्याने खरं सांगून टाकलं, लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. प्रसंग जवळजवळ तोच, निकाल बरोबर उलटा. कृष्णाचं आधारविधान असं की लोकांना धरून ठेवतं, सांभाळतं तो धर्म, सत्य बोलणंसुद्धा त्यासाठीच. कांटचं आधारविधान असं की खरं बोलणं हे समोरचा कोण आहे यावर अवलंबून नाही. भांडण नेमकं कुठे आहे ते आता दिसतं, आणि ते लॉजिकच्या पहिल्या धड्यामुळेच दिसतं.

पण यावरून लगेच "पश्चिम कडक, पूर्व लवचिक" असा निष्कर्ष काढू नका हां. कांटचा तो निबंध मुळात बेंजामिन कॉन्स्टंट या युरोपियन माणसालाच उत्तर म्हणून लिहिलेला आहे, ज्याचं म्हणणं होतं की ज्याला सत्यावर हक्क आहे त्यालाच ते देणं लागतो, आणि इकडे सत्यासाठी राज्य, बायको, मुलगा सगळं घालवणारा हरिश्चंद्र आपण लहानपणापासून ऐकतोच. प्रत्येक परंपरेत आतच भांडणं आहेत. चीनमध्येही बघा, वडिलांनी मेंढी चोरली तर मुलाने त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी का, यावर कन्फ्यूशियस म्हणतो, झाकावं, सरळपणा त्यातच आहे. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिसला भेटलेला युथिफ्रो मात्र वडिलांवरच खुनाचा खटला भरायला निघालेला असतो. ही दोन्ही संभाषणं छोटी आहेत, एका बैठकीत वाचून होतील.

प्रॅक्टिकल सांगायचं तर पहिला महिना वैधता, आधारविधानं आणि नेहमीचे तर्कदोष यावर घालवा. मग वरच्यापैकी एक जोडी घ्या आणि ज्याचं पटत नाही त्याची बाजू आधी लिहा, इतकी नीट की त्याने वाचली तर तो म्हणेल हो, मला हेच म्हणायचं होतं. आपल्याकडच्या भाष्यांमध्ये याला पूर्वपक्ष म्हणतात, आधी प्रतिपक्षाचं पूर्ण मांडायचं आणि मगच खंडन. शंकराचार्यांच्या भाष्यात हे पानोपानी दिसेल.

फक्त नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाला सुरुवातीलाच हात लावू नका. तो नैयायिकांना विचारतो की तुमची प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, खरी आहेत हे कुठल्या प्रमाणाने सिद्ध केलंत, आणि प्रमाण म्हणजे काय हे अंगवळणी पडलेलं नसेल तर तो नुसता शब्दांचा खेळ वाटतो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून कळणं), शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं) ही न्यायदर्शनाची चार प्रमाणं नीट झाली की मग घ्या, तेव्हा तो प्रश्न किती अवघड आहे ते कळेल. अडलात तर इथेच खाली विचारा, मी उत्तर देईन.