थायरॉइड, कॅल्शियम, आयर्न... तिन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर चालतं का?

प्रश्न: ताई, मी सिडकोत राहते, वय ४३. थायरॉइडची ७५ ची गोळी चार वर्षं चालू आहे. मध्यंतरी कॅल्शियम आणि रक्त कमी म्हणून आयर्न सुरू झालं. मागून विसरायला होतं म्हणून पहाटे सहालाच तिन्ही गोळ्या चहाबरोबर घेऊन टाकते, मग डबे करायचे, साडेसातला सातपूरची बस. आधी टीएसएच ३ होतं, आता ९ आलंय. एकही दिवस गोळी चुकवली नाही. डोस वाढवून घेऊ का?

उत्तर: थांबा, आधी गोळ्यांच्या वेळा बदला. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलंय म्हणजे शरीराला औषध कमी पडतंय; तुमची गोळी पोटात जातेय पण रक्तात पुरेशी पोचत नसणार. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतात, मग ते शोषलं न जाता तसंच शौचावाटे निघून जातं. आणि हिशोब बघा ना, तुमची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची, कॅल्शियमची साधारण ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे साडेसहा हजार पटीहून जास्त, एवढ्याशा औषधाचा तिथे काय निभाव लागणार! त्यात वर चहा, त्यानेही शोषण कमी होतं, आणि आयर्नचं तर चहाशी अजिबात जमत नाही, कॅल्शियमशीही नाही, त्यामुळे रक्तही म्हणावं तसं वाढत नसेल.

रात्रीच थायरॉइडची गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर उत्तमच. बाकीच्या दोन्हींना चार तासांचं अंतर हवंच. आयर्न दुपारी कंपनीत जेवताना घ्या, डब्यात लिंबाची फोड ठेवत जा, पण जेवणानंतर लगेच चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. ॲसिडिटीचं काही घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही फरक पडतो.

माझ्या औषधांच्या दुकानात बायका स्टीलची डबी उघडून दाखवतात, सगळ्या गोळ्या एकत्र, पाकिटातून काढलेल्या, कुठली कधीची ते त्यांनाही आठवत नाही, फार काळजी वाटते मला. गोळ्या पाकिटातच राहू द्या आणि पाकिटावर पेनाने ठळक ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ लिहा.

डोस मात्र स्वतःहून वाढवू नका. आज वाढवला आणि उद्या वेळा सुधारल्या तर तेच औषध जास्त होईल, छातीत धडधड, झोप उडणं, आणि जास्त दिवस तसंच चाललं तर हाडंही ठिसूळ होतात. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, तिन्ही गोळ्या एकदम घेत होते असं स्पष्ट सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. वेळा बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा, त्याआधी खरा आकडा कळत नाही. तुम्ही गरोदर असाल तर मात्र एवढं थांबू नका, लगेच दाखवा.