अपील चालू असतानाही आयकराच्या थकबाकीपोटी बँक खातं गोठवलंय, कापसाचे पैसे अडकलेत. कोर्टात जाता येतं का?

हो भाऊ, जाता येतं. पण नुसतं अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २२०(६) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. अधिकारी बहुधा वादातल्या कराच्या २० टक्के भरायला सांगतात. ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही. त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. पेरणी तोंडावर आहे, बियाण्याला पैसा नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा, कापूसपट्टीची (कापूस विक्रीच्या पावतीची) झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. तोंडी विनवणीला पुढं काडीची किंमत नसते. अर्ज फेटाळला किंवा नुसताच पडून राहिला, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका (सरकारी कारवाईविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागणारा अर्ज) करा.