टप्पा पडायच्या आधी

प्रश्न : ताई, माझं वय ४१. दहा-बारा वर्षं बॅडमिंटन खेळलो, क्लबात बऱ्यापैकी नाव होतं. दिवाळीनंतर टेनिस सुरू केलं. आठवड्यातून तीन दिवस सकाळी तासभर मार्करबरोबर (क्लबात सरावाला समोर खेळणारा माणूस) खेळतो. फोरहँड जोरात मारला की बॉल थेट मागच्या कुंपणावर, जपून मारला तर नेटमध्ये. बॅकहँड दोन हातांनी मारूनही नुसता ढकलल्यासारखा जातो. मार्कर म्हणतो, फॉलो-थ्रू पूर्ण करा, म्हणजे फटक्यानंतरही रॅकेट पुढे जाऊ द्या. करतो, पण फरक नाही. मित्र म्हणतात, रॅकेट बदल. काय करू? — एक वाचक, सांगली

उत्तर : रॅकेट बदलू नका आणि फॉलो-थ्रूचा विचार महिनाभर बाजूला ठेवा. फॉलो-थ्रू बॉल गेल्यानंतरचा. तुमचं चुकतंय ते त्याच्या कितीतरी आधी. मीही पंधराव्या वर्षी बॅडमिंटन सोडून टेनिसकडे आले, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना हाताला ओळखीचं काहीतरी जाणवलं.

शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास. टेनिसचा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे दहापटीहून जड. शटलला उशिरा पोचलात तरी मनगटाचा झटका वेळ मारून नेतो, आणि वर्षानुवर्षं आपण तोच झटका घोटवलेला असतो. टेनिसमध्ये तो दिला की रॅकेटचा फेस, म्हणजे तारांची सपाट बाजू, आपल्या ताब्यात राहत नाही. फेस जरासा आभाळाकडे उघडला की बॉल कुंपणावर, जरासा मिटला की नेटमध्ये. तुमचं कुंपण आणि तुमचं नेट, दोन्हीचं मूळ एकच आहे. तुम्हाला बॉलपाशी पोचायला उशीर होतोय आणि तो उशीर मनगट भरून काढू बघतंय.

ग्रिप एकदा तपासून घ्या. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. बॅडमिंटनवाले बहुतेकदा हातोडी धरल्यासारखी मूठ धरतात, त्यात तर्जनीच्या मुळाचं हाड दुसऱ्या पैलूवर येतं. ते तिसऱ्यावर आणा. (तुम्ही उजवे आहात असं धरते. वरचा सपाट पैलू पहिला, तिथून उजवीकडे मोजा.) सोपी खूण सांगते. तळहात तारांवर सपाट टेकवा आणि तसाच खाली मुठीपर्यंत घसरवत आणा. फरक एकाच पैलूचा आहे, पण फोरहँडला फेस आपोआप सरळ राहू लागतो. चार दिवस परकं वाटेल, तेवढं सोसा.

आता मुख्य गोष्ट. उद्या सकाळी फक्त एवढंच बघा की मार्करच्या रॅकेटवरून बॉल निघाल्यावर तुम्ही वळता केव्हा. माझी खात्री आहे, तुमच्या बाजूला टप्पा पडेपर्यंत तुम्ही छाती नेटकडे करून उभे असता आणि टप्पा पडल्यावर एकटा हात मागे नेता. बॉल नेट ओलांडायच्या आत तुमचा डावा खांदा नेटकडे झालेला हवा. त्यासाठी डावा हात रॅकेटच्या गळ्यावरून लवकर सोडू नका. दोन्ही हातांनी रॅकेट मागे न्या, खांदा वळल्याशिवाय ती जाणारच नाही. रॅकेट मग थोडी खाली येऊ द्या आणि बॉलला खालून वर, पुढच्या पायाच्याही पुढे भेटा. मनगट त्या वेळी घट्टही नको, नाचरंही नको.

माझ्या कोचनी मला पहिले आठ दिवस रॅकेट हातात दिलीच नव्हती. ते बॉल टाकायचे आणि मी टप्प्यानंतर तो उजव्या हाताने, कमरेच्या उंचीला, डाव्या पायाच्या पुढे झेलायचा. अंगाजवळ झेलला की तो बॉल मोजायचे नाहीत. तेव्हा मला रडू यायचं. पण फटक्याची जागा माझ्या हाताला कळली ती त्या आठ दिवसांत, आणि आज मी प्रत्येक नवशिक्याला तेच करायला लावते.

रॅकेट घेतल्यावर फळ्याच्या ओल्या खडूने बॉल माखा आणि स्वतःच टप्पा टाकून बारा बॉल मारा. मग तारा बघा. मागच्या थंडीत माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचे बाराच्या बारा पांढरे ठिपके मधल्या तारा सोडून रॅकेटच्या गळ्याकडे होते. त्यांना वाटायचं, ताकद कमी पडते. खरं तर त्या बॉलच्या फार जवळ जात होत्या, कोपर बरगडीला चिकटत होतं. पाऊलभर लांब उभं राहायला लावलं आणि पुढच्या बारातले सात ठिपके मधोमध आले. आवाजही बदलला. तो भरीव आवाज एकदा कानात बसला की कोच जवळ नसतानाही तुमची चूक तुम्हाला ऐकू येईल.

महिनाभर फक्त क्रॉसकोर्ट, म्हणजे समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मारा. नेट खांबाशी १.०७ मीटर आणि मधोमध ०.९१४ मीटर असतं, म्हणजे तिरका बॉल सखल जागेवरून जातो. शिवाय एकेरीच्या कोर्टची लांबी २३.७७ मीटर, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २५ मीटरच्या वर भरते. हे जास्तीचं अंतर तुमच्या हक्काचं आहे, घ्या ते. बॉल नेटच्या दोन हात वरून जाऊ दे. नेटला घासून मारण्याची हौस मागाहून करता येईल.

बॅकहँडचं थोडक्यात सांगते. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये खरं काम डाव्या हाताचं. तुमचा डावा नुसता सोबतीला येतोय, म्हणून बॉल ढकलला जातो. रोज सुरुवातीला वीस बॉल एकट्या डाव्या हाताने, रॅकेट थोडी वर धरून मारा. तो डावखुऱ्याचा फोरहँडच आहे. मग उजवा हात परत लावा.

आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. उशिरा मारणाऱ्यांना हे दुखणं लवकर गाठतं. तारा कडक पॉलिस्टरच्या असतील तर मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांच्या तारा) बसवून घ्या. रॅकेटवर करायचा खर्च एवढाच.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. पिवळा बॉल तिच्या डोक्यावरून जातो, ती कंटाळते. उंची वाढेपर्यंत थांबू का? — एक पालक, सातारा

उत्तर : थांबू नका, बॉल बदला. लाल बॉल पिवळ्यापेक्षा ७५ टक्के हळू असतो, केशरी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. तिला लाल बॉलवर, छोट्या कोर्टवर खेळू द्या, टप्पा तिच्या कमरेशी येईल. वर्षभराने केशरी. पिवळ्या बॉलमागे धावताना मुलं डोक्यावरून मारायची सवय लावून घेतात, ती मोडायला मला पुढे दोन-दोन वर्षं लागली आहेत. सांगलीच्या वाचकांनीही पंधरा दिवस हिरव्या बॉलने खेळून पाहावं. वळायला लागतो तेवढा वेळ त्यात मिळतो, आणि मोठ्या माणसाने हिरवा बॉल वापरण्यात कमीपणा मुळीच नाही.