वाचकांचे प्रश्न : खाली घेतलेल्या सेडानला रुंद चाके

प्रश्न : माझी सेडान मुळातच दमदार इंजिनाची आहे आणि मागील वर्षी आखूड स्प्रिंगा बसवून मी ती ३० मिलिमीटर खाली घेतली. मूळ रिम १७ इंची, साडेसात इंच रुंद आणि ४५ ऑफसेटच्या असून त्यांवर २२५/४५ आर १७ टायर आहेत. आता मला १८ इंची, साडेआठ इंच रुंद, ३५ ऑफसेटच्या रिम आणि त्यांवर २४५/४० आर १८ टायर बसवायचे आहेत. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार एका इंचाने काही बिघडत नाही. हे टायर घासतील का?

उत्तर : बहुतेक घासतील, आणि पहिला आवाज मागच्या आसनावर माणसे बसलेली असताना येईल. विक्रेत्याचा एक इंच खरा आहे, पण तो इंच कोणत्या बाजूला गेला हे त्याने तुम्हाला सांगितलेले नाही. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिमचा हबला (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यांमधील मिलिमीटरमधले अंतर. हा आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर सरकते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून ऑफसेट न बदलता रिम एक इंचाने रुंद केली तर ती दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढेल. तुमच्या नव्या रिमचा ऑफसेट दहाने कमी असल्यामुळे सगळे चाकच १० मिलिमीटर बाहेर येते, आणि रिमची बाहेरची कड २२.७ मिलिमीटर, तर आतली कड केवळ २.७ मिलिमीटर सरकते. टायरचा हिशेबही तसाच लागतो : छापील रुंदी (आकारातला पहिला आकडा, मिलिमीटरमध्ये) धरली तर बाहेरची भिंत २० मिलिमीटर बाहेर येते आणि आतली जिथे होती तिथेच राहते. थोडक्यात, वाढलेली सगळी रुंदी तुम्ही मडगार्डाच्या कडेवर नेऊन ठेवली आहे.

उंचीचा भाग याहून दुर्लक्षित राहतो. २२५/४५ आर १७ या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, तर २४५/४० आर १८ चा ६५३ मिलिमीटर भरतो. म्हणजे टायरचा माथा मडगार्डाच्या साडेनऊ मिलिमीटर आणखी जवळ येतो, आणि स्पीडोमीटर ज्या वेगाला पूर्वी १०० दाखवत असे त्या वेगाला आता साधारण ९७ दाखवतो. व्यास मूळ टायरच्या आसपास, शक्यतो दोन टक्क्यांच्या आत ठेवावा असे माझे मत आहे. येथे फरक तीन टक्के होतो.

आता गाडी खाली घेतल्याचा परिणाम. गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे चाकही मडगार्डात पूर्वीपेक्षा ३० मिलिमीटर अधिक वर जाते असा समज आहे, पण तो पूर्ण खरा नाही. चाक जास्तीत जास्त किती वर जाईल हे स्प्रिंग ठरवत नाही, ते चाकाची वरची हालचाल थोपवणारा रबरी बंपस्टॉप आणि शॉकअब्सॉर्बरची लांबी ठरवते. बंपस्टॉप मूळचाच असेल तर चाकाचे सर्वांत वरचे टोक बदललेले नाही. बदलले आहे ते एवढेच, की पूर्वी एखाद्याच मोठ्या खड्ड्यात गाठले जाणारे ते टोक आता साध्या गतिरोधकावरही गाठले जाते. मात्र आखूड स्प्रिंगांबरोबर बंपस्टॉप कापला गेला असेल, आणि पुष्कळदा तो कापला जातो, तर टोकही वर सरकले आहे. म्हणूनच उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालून केलेल्या मोजमापाला फारसा अर्थ नसतो.

खरे मोजमाप असे करावे. गाडी भक्कम आधारांवर उचलून एका बाजूची स्प्रिंग काढावी (दाबलेली स्प्रिंग जीवघेणी असते, तेव्हा हे काम सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे), शॉकअब्सॉर्बर बंपस्टॉपसह परत जागेवर बसवावा, अँटिरोल बारचा (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्याचा) दुवा सोडावा, आणि खालच्या आर्मखाली (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याखाली) जॅक लावून बंपस्टॉप चांगला दबेपर्यंत चाक वर न्यावे. पुढच्या चाकाच्या बाबतीत त्याच स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मडगार्डाच्या आत वळलेल्या कडेवर आणि शॉकअब्सॉर्बरवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवून ठेवले, तर ते किती चेपले यावरून अंतर मिलिमीटरमध्ये कळते. नवी रिम हातात नसेल तर जुन्याच चाकावर हे करावे आणि वर काढलेले आकडे त्या अंतरातून वजा करावेत.

मी स्वतः एकदा हा खटाटोप टाळला होता. आठ दिवस काही जाणवले नाही. मग गाडी धुताना मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून बोट फिरवले, तर रबर रंध्याने तासल्यासारखे गुळगुळीत लागले आणि त्या गुळगुळीत पट्ट्याच्या कडेला नखाने उचलता येईल अशी एक बारीक साल उभी होती. मडगार्डाची आतली कड तिथपर्यंत पोहोचत होती आणि आवाज गाण्यांत बुडून गेला होता. टायरची बाजूची भिंत तिथून फार दूर नसते.

तुमच्या जागी मी साडेआठ इंची रिमच घेईन, पण ४२ च्या आसपास ऑफसेटची, आणि तिच्यावर २३५/४० आर १८ टायर घालीन. मग बाहेरची भिंत ८ आणि आतली २ मिलिमीटर सरकते, उंचीही साडेपाच मिलिमीटरच वाढते. अर्थात एकाच छापील आकाराचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे रुंद नसतात, म्हणून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर कागदावर खर्च करू नयेत. ऑफसेट फार कमी केल्यास मडगार्डाबरोबरच स्टिअरिंगही बिघडते : चाकाचा मध्य स्टिअरिंगच्या आसापासून बाहेर गेला की रस्त्यावरची प्रत्येक चाकोरी गाडीला ओढू लागते आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. टायरवरचा भारांकही मूळच्यापेक्षा कमी नसावा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. मडगार्डाची कड तापवून आत दुमडणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. तिथला रंग तडकला की गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : गाडी खाली घेतल्यापासून मागच्या टायरांची आतली कड झपाट्याने झिजते. सर्व जण कॅम्बरला दोष देतात. कॅम्बर कमी करणारे आर्म बसवू का?

उत्तर : त्याआधी टो, म्हणजे चाक कोणत्या दिशेला रोखलेले आहे ते, तपासावा. गाडी खाली बसली की आर्म वेगळ्या कोनात येतात, चाकाचा माथा आत कलतो (हाच कॅम्बर) आणि त्याच वेळी चाकाची दिशाही किंचित फिरते. डोळ्यांना कलणे दिसते, फिरणे दिसत नाही, म्हणून बदनामी कॅम्बरची होते. एका चाकाचा टो ०.२ अंशाने जरी चुकला तरी ते चाक दर किलोमीटरला सुमारे साडेतीन मीटर आडवे फरफटले जाते. कॅम्बर फक्त ती झीज कोणत्या कडेला होईल हे ठरवतो. टायरच्या नक्षीवरून तळहात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले तर तो टोचाच दोष समजावा. अलाइनमेंट करण्यापूर्वी आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट सैल करून, गाडी स्वतःच्या भाराने चाकांवर उभी असताना पुन्हा आवळून घ्यावेत. लोंबत्या चाकावर आवळलेली बुश कायम पिळलेली राहते, आणि गाडीची उंचीही त्यामुळे खोटी दिसते.

प्रश्न : नव्या रिम घेण्याऐवजी १५ मिलिमीटरचे स्पेसर (हब आणि रिम यांमधल्या चकत्या) लावले तर चालेल का? गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत.

उत्तर : चालेल, पण ४५ ची रिम त्यामुळे ३० ची होते हे लक्षात ठेवून वरचा सगळा हिशेब पुन्हा करावा. स्पेसर हबच्या गोलाईवर नेमका बसणारा आणि रिमसाठी तशीच गोलाई पुढे देणारा हवा. बोल्ट १५ मिलिमीटरनेच लांब हवेत. तुमच्या बोल्टचे आटे दीड मिलिमीटरचे असतील, तर मूळ बोल्ट वापरल्यास तो पूर्ण दहा वेढे कमी आत जातो, आणि चाक धरून ठेवायला उरतेच काय? मूळ रिम लावताना बोल्ट हाताने किती वेढे घेतो ते मोजावे आणि स्पेसरसह तेवढेच वेढे मिळतात याची खात्री करावी. अधिक लांब बोल्टही नको, कारण तो हबच्या मागे बाहेर येऊन ब्रेकच्या भागांना लागू शकतो. बोल्टचे डोके रिममध्ये जिथे बसते तो भाग शंकूच्या आकाराचा की गोलाकार, हेही जुळवून घ्यावे. शंकूच्या जागी गोल डोके कितीही आवळले तरी कडेवरच टेकते आणि सैल होते. टॉर्क रेंचने निर्मात्याने सांगितलेल्या मापाला आवळावे आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाके थंड असताना, पुन्हा तपासावे.